तीन तळी, चार टेकड्या, अठरा किलोमीटर: एका दिवसात होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन तळी आणि चार बुटक्या टेकड्या गुंफून तुम्ही नकाशावर १८ किलोमीटरची गोल वाट आखली आहे. निघायचं तिथंच परत यायचं. एकही टेकडी पाण्यापासून दीडशे मीटरहून उंच नाही. फोनमधलं ॲप साडेचार तास दाखवतं. सोबत पासष्टीचे वडील आणि बारा वर्षांची मुलगी. सकाळी दहाला निघून दुपारी तीनला गाडीशी परत येऊ का, आणि फेरी कुठल्या बाजूनं घालावी?

फेरी होईल, पण तीनला परत येणार नाही. दहाला निघालात तर शेवटचा टप्पा टॉर्च लावून चालाल. उजाडताना निघा आणि नऊ तास धरा. हे नऊ कसे आले ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला काढता येईल.

ॲप बहुधा एका जुन्या ठोकताळ्यावर चालतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये तो मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात ढोबळपणे ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक जादा तास. तुमच्या १८ किलोमीटरचे झाले ३ तास ३६ मिनिटं, चार टेकड्यांची मिळून साडेपाचशे मीटर चढाई, तिचा जवळजवळ तास. साडेचार! गणित बरोबर आहे. फक्त ते धडधाकट माणसाचं आहे, बऱ्या वाटेवरचं, आणि त्यात तो माणूस पाणी प्यायलाही थांबत नाही.

तुमच्या गटाचा वेग म्हणजे सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग. बऱ्या पायवाटेवर तो ताशी साडेतीन धरा. मुलगी आधी सुसाट पुढे जाईल, मग एखाद्या बेडकापाशी पाच मिनिटं बसेल. वडील एका लयीत चालतील आणि दमले तरी सांगणार नाहीत. म्हणून वडिलांना तुमच्या लगेच मागे ठेवा. त्यांचं बोलणं तुटक झालं की वेग कमी करायचा, त्यांनी सांगायची वाट पाहायची नाही. थांबे लहान आणि नेमानं घ्या, तासाला पाच-सात मिनिटं. एकदम अर्धा तास बसलं की गुडघे आखडतात आणि पुढचा चढ दुप्पट वाटतो.

आता टेकड्या. बुटक्या म्हणून लोक त्यांना हलक्यात घेतात. मोठ्या डोंगरावर एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. पायांना त्याची लय सापडते. चार टेकड्यांत ती लय चारदा मोडते. त्यात कागदावर न दिसणारा चढ असतोच. नकाशावरच्या समोच्च रेषांमधला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला फरक २० मीटरचा असेल, तर दोन रेषांच्या मधे बसलेला १५ मीटरचा उंचवटा नकाशात उमटतच नाही. असे दहा उंचवटे आले की दीडशे मीटर झाले, म्हणजे तुमच्या नकाशात नसलेली पाचवी टेकडी. तुमची एकूण चढाई मी साडेपाचशेऐवजी सातशे धरतो, आणि वडिलांसाठी तिला दीड तास देतो.

तळ्याचा काठ तर याहून फसवा. काठाची लांबी तुम्ही किती बारीक पट्टीनं मोजता त्यावर अवलंबून असते. पट्टी जितकी आखूड, तितका काठ लांब. ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्याचं उदाहरण घेऊन बेन्वा मँडेलब्रॉटनं १९६७ मध्ये हा पेच मांडला होता. तुम्ही नकाशावर बोटानं रेघ ओढलीत, पण पाय प्रत्येक खाचेत शिरणार, प्रत्येक भूशिराला वळसा घालणार. काठाच्या वाटेला मी दहा टक्के वाढवतो, खाचाखोचा जास्त असतील तर वीस. तुमचे १८ म्हणजे पायांचे २०. आता मांडा: २० किलोमीटरला पावणेसहा तास, चढाला दीड, थांब्यांना चाळीस मिनिटं, जेवण आणि पाण्याशी रेंगाळणं मिळून एक तास. नऊ तासांना पाच मिनिटं कमी.

हे सगळं वाट असेल तर. वाट संपून गवतातून, झुडपांतून जायचं असेल तर वेगाला ०.६ नं गुणा. हा आकडा वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाचा. त्यानं १९९३ मध्ये उतार आणि चालण्याचा वेग यांचं एक सूत्र दिलं, आणि त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे फेरी कुठून घालावी याचं, अर्धं उत्तर आहे. त्या सूत्रात माणूस सर्वांत जलद चालतो तो सौम्य उतारावर, शंभर मीटरला पाच मीटर उतरताना. पण उतार शंभराला पंचवीस झाला की वेग ताशी तीनवर येतो, जितका शंभराला पंधराच्या चढावर असतो तितकाच. उतार तीव्र असेल तर उतरण्यात वेळ वाचत नाही, गुडघे मात्र झिजतात.

गोल फेरीत जितकं चढाल तितकं उतरायचंच आहे. कुठली बाजू चढायची आणि कुठली उतरायची, एवढंच तुमच्या हातात. टेकडीची उभी बाजू चढायला ठेवा, लांब सोंड उतरायला. घसाऱ्यावर चढताना पाय घसरला तर हात टेकतात; उतरताना घसरला तर माणूस पाठीवर पडतो किंवा घोटा मुरगळतो. चारही टेकड्यांना एकच दिशा सोयीची असेल असं नाही. मग तिसरी आणि चौथी टेकडी बघून ठरवा, कारण तिथं पोचेपर्यंत पाय थकलेले असतील. पहिल्या टेकडीचा उभा उतार ताज्या पायांनी निभतो.

दिशा ठरवताना सूर्यही बघा. सकाळी टेकडीचा पश्चिम उतार सावलीत असतो, दुपारनंतर पूर्वेचा. उन्हाचे दिवस असतील तर सकाळचे चढ पश्चिमेकडून आणि दुपारचे पूर्वेकडून पडले तर बरं. पाण्याजवळ आणखी एक भानगड. सूर्य डोक्यावर असताना संथ पाणी त्याचा जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फेकतं. तो क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की एक तृतीयांशाच्या आसपास फेकतं. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून काठानं चालणं म्हणजे वरून एक सूर्य आणि खालून दुसरा. पायाखालचा दगड दिसत नाही. शेवटचा टप्पा काठाचा असेल तर सूर्य पाठीशी राहील अशी दिशा निवडा.

मला विचाराल तर दिशेपेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही: मधूनच फेरी सोडावी लागली तर? गेलो त्याच वाटेनं परतायचं असेल तर केव्हाही मागे वळता येतं, आणि जितक्या लवकर वळाल तितकं कमी चालावं लागतं. गोल फेरीत निम्मं अंतर ओलांडलं की मागे जाणं पुढे जाण्यापेक्षा लांब. त्यातून "आता काय, अर्धं तर झालंच" हा विचार येतो. बहुतेक अडचणींची सुरुवात मी या वाक्यातून झालेली पाहिली आहे. नुसत्या टेकड्या असत्या तर आडवं कापून सुटता आलं असतं. इथे मधे पाणी आहे. गाडी समोरच्या काठावर उभी दिसते आणि तिथं जायला दीड तास लागतो. पाण्यापलीकडचं जवळही भासतं, कारण मधे नजरेला अंतर मोजायला झाड नाही, खडक नाही. कंटाळलेली मुलगी म्हणेल, "ते बघा, तिथं तर आहे!" अशा वेळी थोडंसं पाण्यातून जाऊ म्हणणारा कुणीतरी निघतोच. त्याचं ऐकू नका.

यावर तोडगा तळ्यांच्या मांडणीतच असतो. दोन तळ्यांच्या मधे बहुतेक वेळा जमिनीची एक पट्टी असते, कधी सखल खिंड, कधी बांध. तुमच्या वर्णनावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्यामधे अशी किलोमीटरभराची पट्टी आहे. म्हणजे तुमचा आकार शून्याचा नाही. तो डिजिटल घड्याळातल्या आठसारखा आहे, मधे आडवी दांडी असलेला. सुरुवात त्या दांडीच्या एका टोकाशी करा. गाडी तिथवर जात नसेल तर जाईल तितक्या जवळ लावा. आधी मोठं कडं घ्या, ज्यात तीन टेकड्या आहेत. ते संपताना तुम्ही दांडीच्या दुसऱ्या टोकाशी याल, तेव्हा गाडी फक्त किलोमीटरभर दूर असेल. तिथं बसून खा आणि घड्याळ बघा. ठरवलेल्या वेळेच्या तासाभराहून जास्त मागे असाल, किंवा वडिलांचा गुडघा बोलू लागला असेल, तर दांडीवरून सरळ गाडीकडे. नाहीतर दुसरं कडं. पूर्ण फेरी केलीत तर या बदलानं एक मीटरही वाढत नाही. फक्त सुरुवातीची जागा बदलली. फेरी सोडायची ही वेळ घरीच कागदावर लिहून ठेवा. तिथं पोचल्यावर ठरवू म्हटलं की सगळे जण बरे असतात आणि सगळ्यांना पुढे जायचं असतं.

पण त्या पट्टीवरून, आणि एकूणच तळ्याच्या दोन टोकांवरून, पाय कोरडे ठेवून जाता येतं का हे आधी बघा. मी यात एकदा सपशेल फसलो आहे. पावसाळा संपून दोन आठवडे झाले होते. चौदा किलोमीटर चालून झालेलं, तळ्याच्या वरच्या टोकाशी आलो. नकाशात तिथं एक केसाएवढी निळी रेघ, म्हणजे ओढा. प्रत्यक्षात तीनशे मीटर रुंद हिरवं गवत, दिसायला कुरणासारखं. दहा पावलांवर घोट्यापर्यंत, वीस पावलांवर गुडघ्यापर्यंत. एक बूट चिखलात राहिला तो हातानं उपसून काढला. मग ओढ्याच्या कडेनं वर, साकव सापडेपर्यंत तीन किलोमीटर, आणि पलीकडून तेवढंच खाली. तिघांत एक टॉर्च होती, तीही नको म्हणत असताना एकानं घेतलेली. त्या दिवसापासून मी नकाशा उघडला की आधी तळ्यात पाणी कुठून येतं ते पाहतो, टेकड्या मागाहून.

कारण साधं आहे. ओढा तळ्यात शिरतो तिथं त्याचा वेग मरतो आणि आणलेला गाळ तो तिथंच टाकतो. म्हणून तळ्याचं वरचं टोक उथळ, पसरट, दलदलीचं. खालच्या टोकाला पाणी गाळ टाकून स्वच्छ होऊन बाहेर पडतं. तिथं पात्र बहुधा अरुंद आणि तळ कडक. ओलांडायचं तर नैसर्गिक तळ्याच्या खालच्या टोकाला. तळं बांधलेलं असेल तर खालच्या टोकाला भिंत आणि सांडवा असतो. भिंतीवरून जायला परवानगी आहे का हे आधी विचारा, आणि दारं असलेल्या सांडव्याच्या खालून पात्र कधीही ओलांडू नका. वर ऊन असलं तरी दार उघडल्यावर पाणी येतंच. बांधलेल्या तळ्याचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही हेही ध्यानात ठेवा. नकाशावरची निळी कड सहसा तळं भरलेलं असतानाची असते. पाणी उतरल्यावर मधे उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, आणि खाली ओलाच असतो. जुन्या काठाच्या दगडांवरूनच चाला. उपग्रहचित्र पाहिलंत तर ते कुठल्या महिन्यातलं आहे हेही पाहा.

वाट चुकण्याबद्दल. उंच डोंगरात वाटा कमी असतात. बुटक्या टेकड्यांत अडचण उलटी, वाटा फार. त्यातल्या बऱ्याच ढोरवाटा. त्या पाण्याकडे जाताना एकमेकींना मिळत जातात आणि पाण्यापासून दूर जाताना फुटत जातात. समोर दर शंभर पावलांना फाटा फुटत असेल तर तुम्ही बहुधा चरणीकडे निघाला आहात. झाडीत शिरल्यावर माणूस खरोखर गोल फिरतो. चकवा म्हणून आपण जे ऐकत आलो, ते जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजून दाखवलं. जंगलात आणि वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले, तो झाकला गेला की नकळत वळत आपलीच वाट ओलांडू लागले. डोळे बांधले तर काही जण अवघ्या २० मीटर व्यासात गिरक्या घेत राहिले. आपण सरळच चाललोय ही खात्री मात्र त्यांना होती. म्हणून ढग दाटले, झाडी लागली, की मनाचा कौल घेऊ नका, होकायंत्र काढा.

होकायंत्रावर तरी किती विसंबायचं? एक अंशाची चूक किलोमीटरमागे साडेसतरा मीटर बाजूला नेते, आणि हातातल्या साध्या होकायंत्रावर पाच अंशांची चूक सहज होते. म्हणजे किलोमीटरभरानं तुम्ही नव्वदेक मीटर डावी-उजवीकडे. तळ्याकाठच्या पुलाकडे नेम धरून गेलात आणि काठावर पूल दिसला नाही, तर कुठं वळायचं कळत नाही. म्हणून नेम मुद्दाम चुकवायचा. पुलाच्या दोनशे मीटर डावीकडे रोख धरा. पाणी लागलं की उजवीकडे वळा, पूल येणारच. पाण्याचा हा मोठा उपकार आहे, काठ चुकवून पुढे जाता येत नाही.

फोनला जागा कळायला नेटवर्क लागत नाही, पण नकाशाचं चित्र लागतं; ते घरीच उतरवून घ्या. फोन विमान-मोडवर ठेवा, नाहीतर सिग्नल शोधण्यात बॅटरी जाते. कागदी नकाशा हवाच. आणि फेरीचा आराखडा व परतायची वेळ घरी कुणाला तरी सांगून निघा.

उजेड किती उरला हे पाहायला हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यात बोटं मोजतात: चार बोटं म्हणजे एक तास. युक्ती चांगली, पण सगळीकडे चालत नाही. चार बोटांचे भरतात सात-आठ अंश. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ खाली, तासाला पंधरा अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे तिथं चार बोटं म्हणजे अर्धाच तास. तो तिरका कलत जातो अशा ध्रुवांकडच्या प्रदेशांतच तास भरतो. वर टेकड्यांच्या मधे सावली त्याआधीच येते. टॉर्च माणशी एक.

विजांचं नीट ऐका. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच माथा सोडा, पाण्यापासून लांब व्हा, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. टेकडी बुटकी आहे म्हणून वीज तिला सोडत नाही. उघड्या माळावर तुम्हीच सर्वांत उंच असता.

पायांचं एकच सांगतो: टाचेला चुरचुरलं की तिथल्या तिथं थांबून पट्टी लावा. पुढच्या थांब्याला बघू म्हटलं की फोड आलाच. दलदलीची शक्यता आहे तेव्हा मोज्यांचा जादा जोड घ्या.

राहिलं पिण्याचं पाणी. तीन तळी आहेत म्हणून कमी नेऊ नका. साठलेल्या पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते बहुधा निळं-हिरवं शैवाल. त्याचं विष पाणी उकळून जात नाही, साध्या गाळणीनंही नाही. तिथं हातपायही धुऊ नका, आणि कुत्रा नेणार असाल तर त्याला तर मुळीच उतरू देऊ नका. माणशी तासाला अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर त्याहून जास्त. नऊ तासांचे साडेचार लिटर, म्हणजे साडेचार किलो पाठीवर, आणि मुलीचं ओझं शेवटी तुमच्याच पाठीवर येणार. म्हणूनही सुरुवात दांडीच्या टोकाशी करा असं म्हणतो: निम्मं पाणी गाडीत ठेवता येतं. दुपारी किलोमीटरभर जाऊन-येऊन ते आणायला तुम्ही एकट्यानं जा. अर्धा तास लागेल, तेवढ्यात बाकीचे दोघं बूट काढून पाय मोकळे करतील.